सूर लॉक किया जाय?

आपल्या पिढीत दोन प्रकारचे लोक असतात. एक, ज्यांना लहानपणी पेटीच्या क्लासला घातलं होतं. दोन, ज्यांना तबल्याच्या. दोघांचीही स्टोरी साधारण सेम. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, मग दहावीचं वर्ष आलं आणि पेटी जी कपाटावर चढली ती चढलीच. पुढे इंजिनीअरिंग, नोकरी, ईएमआय. आणि मग तिशीच्या आसपास एका रात्री, डोळ्यासमोर लॅपटॉप उघडा असताना, आत कुठेतरी गुदगुल्या होतात. ‘यार, आपण काहीतरी बनवायला पाहिजे.’ कुणी कॅमेरा घेतं, कुणी ट्रेकिंगचे शूज घेतं, आणि काही जण पंचवीस पट्ट्यांचा पिटुकला मिडी कीबोर्ड मागवतात.

माझ्या ओळखीत असे पाच जण आहेत. सहावी मी. आणि सहाही जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, तोही हळू आवाजात विचारलेला : ‘चुकीचा सूर लागला तर?’

बॉस, टेन्शन नॉट. त्याच्यावर इलाज आहे. त्याला म्हणतात स्केल लॉक. आजचा आपला फंडा तोच. इलाज झक्कास आहे, फक्त तो कशावर चालतो आणि कशावर नाही हे नीट माहीत पाहिजे.

आधी मिडी म्हणजे काय ते दोन मिनिटांत. मिडी म्हणजे आवाज नव्हे. पुरणपोळी आणि पुरणपोळीची कृती यात जो फरक आहे तोच इथे. मिडीत फक्त सूचना असतात : अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, आता सोडली. बस. मग ती कृती पियानोला द्या, बासरीला द्या नाहीतर एखाद्या खरखरीत सिंथला द्या, त्याच सूचना तो आपापल्या आवाजात वाजवतो. ही भाषा १९८३ सालची. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, एका केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसराही वाजायचा! त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. कॉम्प्युटरच्या दुनियेत चाळीस वर्षं टिकलेली गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या हेमाडपंती देवळासारखीच की!

मिडीत प्रत्येक पट्टीला एक नंबर असतो. शून्य ते १२७. मधला सी म्हणजे ६०. पुढची काळी ६१, तिच्या पुढची पांढरी ६२. स्क्रीनवर डावीकडे उभा कीबोर्ड दिसतो आणि समोर चौकटींचा कागद. त्यावर प्रत्येक सूर म्हणजे एक आडवी पट्टी. वर सरकवली की सूर चढला, खाली आणली की उतरला. या खिडकीला पियानो रोल म्हणतात, कारण पूर्वी आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी घालत, तिच्यावरून हे नाव आलं.

आता स्केल लॉक. तुम्ही सांगायचं : सा कुठला, आणि स्केल कुठलं. समजा सा म्हणजे सी आणि स्केल मेजर पेंटाटॉनिक. म्हणजे आपल्या भाषेत सा रे ग प ध. भूपाचे पाच सूर. एवढं सांगितलं की सॉफ्टवेअर तीन प्रकारे मदत करतं. काही नुसतंच रंगवतं : स्केलमधल्या ओळी उजळ, बाकीच्या अंधारात. काही लपवतं : नको त्या ओळी गायबच. एबल्टन लाइव्हमध्ये ही सोय आहे. आयपॅडवरच्या गॅरेजबँडमध्ये तर स्केल निवडलं की कीबोर्डच बदलतो आणि बाहेरच्या पट्ट्या उरतच नाहीत. आणि तिसरा प्रकार म्हणजे ढकलणारं. तुम्ही कुठेही क्लिक करा, नोट जवळच्या ‘कायदेशीर’ सुरावर जाऊन बसते. रीपरमध्ये याला की स्नॅप म्हणतात, लॉजिक प्रोमध्ये स्केल क्वांटाइझ, आणि क्युबेसमध्ये २०२० साली आलेला स्केल असिस्टंट आहे. नावं वेगळी, काम तेच.

आठवतंय, क्लासमध्ये सर आपलं बोट धरून उचलायचे आणि बरोबर पट्टीवर ठेवायचे? स्केल लॉक म्हणजे तेच सर. फक्त न ओरडणारे.

आणि खरं सांगते, मजा येते! माऊसने वेड्यावाकड्या नोटा टाका, ऐकायला ‘बरं’च वाटतं. त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. सा रे ग अशा तीन नोटा सिलेक्ट करा आणि स्केलच्या एका पायरीने वर सरकवा. सगळ्या एकाच मापाने न सरकता स्केल धरून सरकतात. होतं रे ग प. परत सरकवा, ग प ध. ओळखीचं वाटतंय ना? पलटे! जे घोकताना आपण रडकुंडीला आलो होतो, ते इथे दोन क्लिकमध्ये. शिवाय एक तुकडा तयार झाला की स्केलच्या पायऱ्यांवरून तो खालीवर फिरवत अख्खी चाल उभी करता येते. नवशिक्यासाठी याहून चांगलं खेळणं नाही.

ही आयडिया तशी नवीही नाही. घरात पेटी असेल तर काळी तीन सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवा. एकाही पांढरीला हात लावू नका. झाला भूपाचा स्केल लॉक, तोही विजेशिवाय आणि सबस्क्रिप्शनशिवाय!

इथपर्यंत सगळं गोड. आता जरा खोलात.

लॉक ‘जवळच्या’ सुरावर ढकलतो म्हणजे नक्की कुठे? भूपाच्या पाच सुरांत तुम्ही शुद्ध मध्यम टाकलात तर तो गंधारावर जाईल, कारण गंधार अर्ध्या सुरावर आहे आणि पंचम पूर्ण सुरावर. तीव्र मध्यम पंचमावर जाईल. शुद्ध निषाद वरच्या सा वर. पण कोमल रिषभ? तो सा आणि रे यांच्या बरोब्बर मध्ये आहे. तो वर जाणार की खाली, हे तुम्ही ठरवलेलं नाही आणि संगीतानेही ठरवलेलं नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलंय. मेजर स्केल घेतलंत तर मामला आणखी मजेशीर. सी मेजरमध्ये पाचही काळ्या पट्ट्या दोन पांढऱ्यांच्या बरोब्बर मध्येच येतात. म्हणजे प्रत्येक काळ्या सुरापाशी मशीन स्वतःच्याच नियमाने नाणं उडवतं.

दुसरी गोष्ट. लॉकला सूर माहीत असतात, घर माहीत नसतं. भूपाचे तेच पाच सूर घ्या, एकही पट्टी बदलू नका. मागे सा चा लांब सूर चालू ठेवलात तर भूप. आता मागचा सूर बदलून तिथे गंधार लावा आणि त्यालाच सा माना. तेच पाच सूर आता मालकंसाचे झाले! पंचमाला सा मानलंत तर दुर्गा, धैवताला मानलंत तर धानी, रिषभाला मानलंत तर मधमाद सारंग. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. पट्ट्या त्याच, नोटांचे नंबर तेच, आणि रात्रीत पत्ता बदलतो. लॉकच्या लेखी सगळं एकच.

म्हणून माझा पहिला नियम : नवीन फाइल उघडली की ढोल नाही, बेस नाही. आधी तानपुरा. अॅपमधला घ्या नाहीतर एक सा लांबच्या लांब ओढून ठेवा, पण तो मागे चालू पाहिजे. घरचा पत्ता कानात असला की रस्ता चुकत नाही.

आणि पत्ता सापडला तरी राग सापडला असं नाही हं. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच पाच. पण भूप रात्रीचा, गंधारावर रमणारा. देशकार सकाळचा, धैवत मिरवणारा. मारवा, पूरिया आणि सोहनी ही तर तीन भावंडं, सुरांचा संच एकच. मारवा रिषभ-धैवताभोवती फिरतो, पूरिया गंधार-निषादाभोवती, आणि सोहनी वरच्या सप्तकात नाचते. कुठल्या सुरावर थांबायचं, कुठल्याला नुसतं शिवून पुढे जायचं, कुठून वळायचं, हे स्केलच्या यादीत नसतं. स्केल म्हणजे वाण्याची यादी, राग म्हणजे घरची चव.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर मी विसरूनही गेले असते. मला ते पक्कं कळलं ते बाबांमुळे.

माझे बाबा आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात गुरुवारी पेटी वाजवायचे. ‘वाजवायचे’ म्हणते, कारण दोन वर्षांपूर्वी संधिवाताने उजव्या हाताची बोटं धरली. अनामिका सरळ होत नाही, पट्टी दाबताना शेजारचीलाही घेऊन बसते. मंडळात कुणी काही बोललं नाही. बाबांनीच एका गुरुवारी पेटी दुसऱ्यासमोर सरकवली आणि स्वतः टाळ घेतले. घरी त्यावर चर्चा नाही. आमच्याकडे अशा गोष्टींवर चर्चा होत नाही, चहा होतो.

गेल्या दिवाळीत मी माझा कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, ‘बाबा, हळू वाजवा. वेग मी नंतर वाढवीन.’

‘आणि चुकलं तर?’

‘तेही नंतर बघू.’

‘यात सा कुठला धरायचा?’

‘पांढरी एक.’

त्यांनी देस वाजवला. दोन-अडीच मिनिटं, अगदी सावकाश. मी लॉक बंद ठेवूनच रेकॉर्ड केलं. मग फाइलची कॉपी काढली आणि फक्त कॉपीवर सी मेजरचा लॉक लावून दोन्ही त्यांना ऐकवल्या. लॉकवाली ऐकताना पहिल्या आरोहाला ते खूष. अडकलेल्या बोटाची खडखड बरीच गेली होती. सूर उतरू लागले आणि त्यांचा चेहराही उतरला.

‘अगं, माझा निषाद कुठे गेला?’

आता देसची गंमत अशी की चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल. देसचा जीव त्या उतरणाऱ्या कोमल निषादात आहे. पण सी मेजरमध्ये तो काळ्या पट्टीवर, म्हणजे कायद्याबाहेर. मशीनने तो उचलून शुद्ध निषादावर नेऊन ठेवला होता. राग सपाट. जणू पावसाळा आला आणि पाऊस नाही.

मग आम्ही मूळ फाइल उघडली. तिच्यात काळ्या पट्टीवरच्या नोटा होत्या अकरा. मी एकेक वाजवत गेले आणि बाबा सांगत गेले. ‘हा माझा.’ ‘हे बोटाचं, काढ.’ ‘हेही बोटाचं.’ ‘हा माझा, याला हात लावू नकोस.’ चार कोमल निषाद बाबांचे निघाले. सहा नोटा बोटाच्या, म्हणजे संधिवाताच्या. दहांचा निकाल लागला. अकरावी नोट होती कोमल गंधार, दोन रिषभांच्या मध्ये. त्यापाशी बाबा थांबले. तीनदा वाजवायला लावला.

‘हा चुकून लागलाय,’ ते म्हणाले. ‘पण राहू दे. जयजयवंतीची सावली पडलीय. बरी दिसतेय.’

मशीनच्या दृष्टीने या अकराही नोटा एकाच माळेचे मणी. स्केलच्या बाहेर, बस. त्यातली इच्छा कुठली, आजार कुठला आणि आजारातून चुकून निघालेली सुंदर गोष्ट कुठली, हे सांगणारा माणूस खुर्चीत बसलेला लागतो. लॉक सरसकट लावला असता तर बाबांच्या बोटांबरोबर बाबाही गेले असते.

हे भांडण आपल्याकडे फार जुनं आहे बरं का. पेटी, जी आज आपल्याला अस्सल देशी वाटते, तिलाच १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप हाच की तिचे सूर बारा खुंट्यांना बांधलेले. तिच्यात मींड नाही, दोन सुरांमधली जागा नाही. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पेटीचा आणि मिडीचाही शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो, सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक, पण तयार कानाला टोचतो. आपल्या मराठी माणसांनी यावर डोकंही भरपूर चालवलंय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल शंभराहून जास्त वर्षांपूर्वी श्रुतींच्या मागे लागले होते, आणि अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली.

मिडीतही पळवाट आहे. तिचं नाव पिच बेंड. नोट तीच ठेवून सूर ताणायचा, त्यासाठी १६,३८४ बारीक पायऱ्या. स्केल लॉक फक्त नोटांचे नंबर तपासतो, बेंडकडे बघतही नाही. म्हणजे मींड, आंदोलन, हलकासा चढा गंधार, सगळं लॉक चालू असतानाही करता येतं. शिवाय २०२४ मध्ये आलेल्या एबल्टन लाइव्ह १२ मध्ये अख्खं ट्युनिंगच बदलायची सोय आहे. म्हणजे कुंपण आहे, पण त्याला फाटकंही आहेत.

तर या वीकएंडला करून बघण्यासारखं :

१. रेकॉर्ड करताना ढकलणारा लॉक बंद. काय वाजवलं ते जसंच्या तसं उतरू दे. रंगवणारा लॉक मात्र खुशाल चालू ठेवा, तो नुसता दाखवतो, हात लावत नाही.

२. लॉक लावायचा तर कॉपीवर. मूळ फाइल म्हणजे आजीची पैठणी, तिच्यावर कात्री नाही.

३. बाहेर पडलेल्या नोटा एकदम सिलेक्ट करून ढकलू नका. एकेक ऐका. प्रत्येकीला विचारा, तू माझी की बोटाची?

४. देस, खमाजसारख्या रागांत दोन निषाद लागतात. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं स्केल बनवायची सोय असेल तर आठ सुरांचं बनवा. चढताना कुठला आणि उतरताना कुठला, ते मात्र तुम्हालाच सांभाळायचंय.

५. आणि ज्यांना कुणीतरी लहानपणी ‘तुला सूर नाही’ असं सांगितलं होतं, त्यांनी यातलं काहीही न पाळता लॉक चालू करावा, तानपुरा लावावा आणि एक महिना नुसता धुडगूस घालावा. कुंपणाच्या आत पळायला कुणाची परवानगी लागत नाही. महिन्याने एखादा दिवस येतो, जेव्हा हाताला एक सूर हवा असतो आणि लॉक तो देत नाही. वैताग येतो. तो वैताग म्हणजे सूर आल्याची पावती. त्या दिवशी लॉक बंद करा.

बाबांचा देस आता एक मिनिट पन्नास सेकंदांचा आहे. गुरुवारी मंडळात वाजला, मोबाइलवरून, छोट्याशा स्पीकरवर. कोमल गंधार आला तेव्हा पेटीवाल्या काकांनी मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाबांनी टाळ वाजवता वाजवता नुसती भुवई उडवली.